रेबिया कदीर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चीनचा विषय निघाला की आपल्याकडे तिबेट आठवतो, दलाई लामा आठवतात. लडाखच्या नकाशावर बोट ठेवून ते काराकोरम खिंडीतून वर सरकवलं, तर जो मुलूख लागतो त्याच्याबद्दल मात्र आपण फारसं बोलत नाही. त्या मुलखातल्या एका बाईबद्दल मी गेली काही वर्षं जमेल तिथे बोलत आलो आहे. लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते उत्तरांसह इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ती थोडक्यात सांगितली तर खोटी वाटतील.

रेबिया कदीर कोण आहेत?

उयगुर समाजाच्या निर्वासित नेत्या. आधी कपडे धुऊन पोट भरणारी बाई, मग चीनमधल्या सर्वांत श्रीमंत स्त्रियांपैकी एक, मग सरकारी मानमरातब, मग तुरुंग आणि २००५ पासून अमेरिकेत परागंदा. २००६ ते २०१७ अशी अकरा वर्षं त्या जागतिक उयगुर काँग्रेसच्या अध्यक्ष होत्या.

नावाचा उच्चार कसा करायचा? कदीर हे आडनाव आहे का?

रेबिया म्हणजे आपल्या ओळखीचं राबिया. कदीर हे आडनाव नव्हे, वडिलांचं नाव आहे. उयगुरांमध्ये आडनाव लावायची पद्धत नाही, मुलांच्या नावापुढे बापाचं नाव लागतं. म्हणून त्यांच्या नवऱ्याचं नाव वेगळं, सिद्दिक रोझी, आणि मुलांची नावं आणखी वेगळी. बातम्यांमध्ये उइगर, उइघूर, वीगर असं काहीही दिसतं. मी उयगुर लिहितो, तो उच्चार मूळच्या जवळचा आहे.

उयगुर म्हणजे चिनी मुसलमान का?

नाही. चिनी भाषा बोलणारे मुसलमान वेगळे, त्यांना हुई म्हणतात. उयगुर तुर्की कुळातली भाषा बोलतात आणि ती अरबी वळणाच्या लिपीत लिहितात. काशगर, यारकंद, खोतान, तुर्फान ही त्यांची गावं. तकलामाकान वाळवंटाच्या कडेने हिरव्या ठिपक्यांसारखी ती वसली आहेत. तिथले खरबूज, द्राक्षं, तंदुरी नान, रेशमी अतलस कापड आणि रात्र रात्र चालणारा गाण्याबजावण्याचा मश्रप, हे सगळं समरकंद-बुखाऱ्याच्या नात्यातलं आहे.

मग शिनजियांग म्हणायचं की पूर्व तुर्कस्तान?

शिनजियांग म्हणजे ‘नवी सरहद्द’. चिंग राजवटीने १८८४ मध्ये प्रांत करताना हे नाव दिलं. जे लोक तिथे शतकानुशतकं राहत आहेत त्यांना आपलं घर ‘नवी सरहद्द’ कसं वाटेल? निर्वासित उयगुर पूर्व तुर्कस्तान म्हणतात. त्या नावाने दोन अल्पायुषी प्रजासत्ताकंही होऊन गेली, १९३३-३४ मध्ये काशगरला आणि १९४४ ते १९४९ उत्तरेकडच्या इली भागातल्या गुलजा शहरात. १९५५ पासून अधिकृत नाव शिनजियांग उयगुर स्वायत्त प्रदेश. यातला ‘स्वायत्त’ हा शब्द कागदावरच राहिला, हीच सगळ्या भांडणाची मुळी. वाचकाला नकाशावर शोधता यावं म्हणून मी इथे शिनजियांग लिहिलं आहे.

त्यांचं बालपण कसं गेलं?

जन्म १९४६-४७ च्या सुमाराचा, उत्तरेकडच्या अल्ताय भागातला. कम्युनिस्ट राजवट आली तेव्हा त्या दोन-तीन वर्षांच्या. बापाचा चार पैशांचा व्यवसाय होता आणि तोच गुन्हा ठरला. आई आणि भावंडांना अल्तायमधून हाकलून वाळवंटापलीकडे अक्सूला पाठवण्यात आलं. पंधरा-सोळाव्या वर्षी बँकेत नोकरी करणाऱ्या एका माणसाशी लग्न, आणि त्या संसारात सहा मुलं.

सांस्कृतिक क्रांतीच्या काळात रेबिया घरी शिवलेले कपडे लपूनछपून विकत. त्या काळी याला सट्टेबाजी म्हणत. लोकांसमोर उभं करून धिंडवडे काढले गेले, नवऱ्याच्या नोकरीवर गदा आली आणि शेवटी संसार मोडला.

एवढी श्रीमंती आली कुठून?

लाँड्रीतून. १९७६ मध्ये, माओ गेले त्या वर्षी, त्यांनी अक्सूत कपडे धुण्याचं दुकान टाकलं. साबण, पाणी आणि स्वतःचे हात, एवढंच भांडवल. त्यातून साठलेल्या पैशावर किरकोळ व्यापार सुरू झाला. पुढे त्या शिनजियांगच्या राजधानीत, उरुमचीला आल्या आणि तिथे बायकांसाठी बाजार उभा केला. विकणाऱ्याही बहुतेक बायकाच. आपल्याकडच्या बचत गटाच्या बायकांना ही गोष्ट सांगितली तर त्यांना ती जास्त समजावून सांगावी लागत नाही. ज्या बाईला घरात कोणी विचारत नव्हतं, तिच्या हातात गल्ल्याची किल्ली आली की काय होतं ते त्यांनी पाहिलेलं असतं.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर मध्य आशियाच्या सीमा उघडल्या. कझाकस्तानपलीकडे चिनी माल हवा होता, आणि तिथली भाषा उयगुर माणसाला सहज कळते. रेबियांनी ती संधी साधली. बाजाराच्या जागी मोठी व्यापारी इमारत आली, कंपनी आली आणि त्यांची गणना कोट्यधीशांत होऊ लागली.

दुसरं लग्न अटी घालून केलं होतं, हे खरं का?

खरं आहे. आपल्या नवऱ्यात काय काय असायला हवं याची एक यादीच त्यांनी केली होती, आणि राष्ट्रासाठी झटणारा असावा ही त्यातली मुख्य गोष्ट. सिद्दिक रोझी हे साहित्याचे अध्यापक आणि राजकीय कारणांवरून तुरुंगात जाऊन आलेले. त्यांच्याकडे रेबिया स्वतःहून गेल्या आणि लग्नाचं विचारलं. या लग्नातून आणखी मुलं झाली. एकूण अकरा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

चीन सरकारने त्यांना डोक्यावर घेतलं होतं म्हणतात. मग बिनसलं कुठे?

डोक्यावर घेतलंच होतं. १९९३ मध्ये त्यांना चिनी जनता राजकीय सल्लागार परिषदेचं सदस्य केलं गेलं. १९९५ मध्ये बीजिंगला संयुक्त राष्ट्रांची जागतिक महिला परिषद भरली, तेव्हा चीनच्या शिष्टमंडळात त्या होत्या. अल्पसंख्याक समाजातली स्त्री शून्यातून वर आली, हे जगाला दाखवायला याहून चांगलं उदाहरण सरकारला मिळालं नसतं.

ठिणगी पडली ती ५ फेब्रुवारी १९९७ रोजी गुलजामध्ये. दारू आणि नशेपासून तरुणांना दूर ठेवण्यासाठी तिथे मश्रप पुन्हा सुरू झाले होते. सरकारने ते बंद पाडले, धरपकड केली आणि तरुण रस्त्यावर उतरले. गोळीबार झाला, माणसं मेली, त्यानंतर शेकड्यांनी अटका झाल्या. रेबिया स्वतः गुलजाला गेल्या, घरोघर फिरून आयाबापांशी बोलल्या. त्यानंतर पासपोर्ट जप्त झाला आणि १९९८ मध्ये सल्लागार परिषदेतून नाव गळालं.

त्याच काळात, १९९७ च्या शेवटी, त्यांनी ‘हजार माता’ नावाची चळवळ काढली होती. उयगुर बायकांनी छोटे धंदे सुरू करावेत, त्यांना शिकवावं, भांडवल द्यावं, एवढाच हेतू. तीही बंद पाडली गेली. माझ्या मते त्यांना राजकारणी बनवलं ते बाजाराने आणि गुलजाने. पुस्तकं वाचून त्या नेत्या झालेल्या नाहीत.

त्यांना नेमकी कशासाठी शिक्षा झाली?

वर्तमानपत्रांसाठी. हे ऐकून लोक म्हणतात, ‘नाही, आणखी काहीतरी असणार.’ म्हणून सविस्तर सांगतो.

सिद्दिक रोझी १९९६ मध्ये अमेरिकेला गेले आणि तिथून उयगुरांच्या स्थितीबद्दल लिहू-बोलू लागले. रेबिया त्यांना घरून वर्तमानपत्रं पाठवत. कुठली? काशगरचं दैनिक, शिनजियांगचं कायदेविषयक वृत्तपत्र, इलीचं दैनिक आणि तिथलंच सायंदैनिक. काही ठिकाणी मजकुराखाली खुणा केलेल्या. अंक जिल्ह्याच्या गावी छापलेले, मजकूर सरकारी नजरेखालून गेलेला. आपल्या एखाद्या जिल्हा दैनिकाचा अंक परदेशातल्या नातेवाइकाला टपालाने पाठवावा, तसंच.

११ ऑगस्ट १९९९ रोजी उरुमचीत अमेरिकी काँग्रेसच्या कर्मचाऱ्यांचं एक पथक आलं होतं. त्यांना भेटायला निघालेल्या रेबियांना वाटेतच अटक झाली. मार्च २००० मध्ये बंद दाराआड काही तासांत खटला आटोपला. परदेशी लोकांना गोपनीय माहिती बेकायदा पुरवल्याचा आरोप आणि आठ वर्षांची शिक्षा. जे गावात कोणीही वाचू शकत होतं, ते नवऱ्याने वाचलं की गुपित ठरलं.

मग सुटका कशी झाली?

२००४ मध्ये त्यांना मानवी हक्कांसाठी दिला जाणारा नॉर्वेचा राफ्तो पुरस्कार मिळाला. तेव्हा त्या तुरुंगातच होत्या. त्याच वर्षी शिक्षा एका वर्षाने कमी झाली. १७ मार्च २००५ रोजी प्रकृतीचं कारण देऊन सोडलं आणि थेट अमेरिकेच्या विमानात बसवलं. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री कोंडोलीझा राइस तीन दिवसांनी बीजिंगला पोहोचणार होत्या. शिवाय चीनविरुद्ध मानवी हक्कांचा ठराव मांडणार नाही, असं अमेरिकेने त्याच सुमारास जाहीर केलं. म्हणजे सौदा झाला होता. त्यात अमेरिकेचा मोठेपणा शोधू नये आणि चीनची दयाही.

निघताना त्यांना बजावण्यात आलं होतं की बाहेर जाऊन उयगुरांबद्दल तोंड उघडलं, तर तुमचा धंदा आणि तुमची मुलं यांचं काही खरं नाही.

त्यांनी तोंड उघडलं. मुलांचं काय झालं?

या सगळ्या कथेत माझा जीव अडकतो तो इथे. अकरापैकी काही मुलं मायदेशीच राहिली होती. २००६ मध्ये रेबिया अमेरिकेतल्या उयगुर संघटनेच्या अध्यक्षपदी आल्या आणि त्याच सुमारास अमेरिकी काँग्रेसचं पथक उरुमचीला यायचं होतं. पोलिसांनी मुलांना उचललं. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने तेव्हा जे नोंदवलं ते असं : १ जून रोजी दोन मुलांना घरातल्या लहानग्यांसमोर मारहाण झाली. मग पोलिसांनी मुलीच्या हातात मोबाइल दिला आणि सांगितलं, आईला फोन लाव, काय चाललंय ते सांग.

त्यातल्या एका मुलाला नोव्हेंबर २००६ मध्ये करचुकवेगिरीबद्दल सात वर्षं आणि दुसऱ्याला एप्रिल २००७ मध्ये फुटीरतेची चिथावणी दिल्याबद्दल नऊ वर्षं शिक्षा झाली. सात वर्षांची शिक्षा जाहीर झाली, त्याच दिवसांत म्युनिकमध्ये आईची जागतिक काँग्रेसच्या अध्यक्षपदी निवड झाली होती.

‘मुलांचा विचार करून गप्प बसायला नको होतं का?’ असं मला बायकाच जास्त विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. मी एवढंच म्हणतो की, हा प्रश्न ज्याने फोन लावायला लावला त्याला आधी विचारावा.

२००९ ची उरुमची दंगल त्यांनी घडवली का?

चीन सरकार तसं म्हणतं. घटनाक्रम पाहा. २६ जून २००९ रोजी दूर दक्षिणेला, ग्वांगडोंगमधल्या शाओग्वान गावी खेळण्यांच्या कारखान्यात उयगुर कामगारांवर जमावाने हल्ला केला. दोघे मेल्याचं अधिकृतपणे मान्य झालं. त्याची चित्रफीत इंटरनेटवर फिरली. ५ जुलैला उरुमचीत उयगुर तरुणांनी निदर्शनं काढली, ती चिघळली आणि जमावाने हान, म्हणजे चीनमधल्या बहुसंख्य समाजाच्या, लोकांवर हल्ले केले. दोन दिवसांनी हान जमाव दंडुके घेऊन रस्त्यावर आला. सरकारी आकड्यानुसार १९७ माणसं मेली आणि त्यात हान जास्त होते. इंटरनेट पुढे दहा महिने बंद राहिलं.

रेबियांविरुद्धचा पुरावा म्हणजे त्यांनी उरुमचीतल्या भावाला केलेला फोन. उद्या काहीतरी होणार आहे असं त्या म्हणाल्या, हे त्यांना मान्य आहे. निदर्शनांची हाक इंटरनेटवर उघडपणे फिरत होती आणि भावाने घराबाहेर पडू नये म्हणून फोन केला, असं त्यांचं म्हणणं. एका फोनवरून दंगल घडवता येते, हे मला पटत नाही.

म्हणजे त्यांचं काहीच चुकलं नाही?

चुकलं, आणि ते सांगितलं पाहिजे. दंगलीनंतर दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत त्यांनी उरुमचीचं म्हणून जे छायाचित्र दाखवलं, ते निघालं हूबे प्रांतातल्या शिशौ गावच्या वेगळ्याच आंदोलनाचं. पुढे टोकियोत त्यांनी एका रात्रीत सुमारे दहा हजार उयगुर गायब झाल्याचं सांगितलं. त्या आकड्याला पुरावा मिळाला नाही. ज्याची बाजू खरी आहे त्याने आकड्यांच्या बाबतीत दुप्पट जपायला हवं, कारण समोरचा अशी एक चूक पकडून बाकीचं सगळं पुसून टाकतो. तसंच झालं. ह्यूमन राइट्स वॉचने नंतर बेपत्ता झालेल्या माणसांची ४३ प्रकरणं नावनिशीवार नोंदवली, पण चर्चा राहिली ती त्या छायाचित्राची.

मुलांनीच आईविरुद्ध पत्र लिहिलं होतं ना?

ऑगस्ट २००९ मध्ये चीनच्या सरकारी माध्यमांनी त्यांच्या मुलांच्या नावाने पत्रं प्रसिद्ध केली, त्यात आईला दंगलीबद्दल दोष दिला होता. त्या वेळी दोन भाऊ तुरुंगात होते. पत्राचं वजन किती धरायचं ते यावरून ठरवा. सप्टेंबरमध्ये उरुमचीतली त्यांची व्यापारी इमारत धोकादायक झाल्याचं सांगून पाडण्याची घोषणाही झाली.

त्याच ऑगस्टमध्ये मेलबर्नच्या चित्रपट महोत्सवात त्यांच्यावरचा माहितीपट होता. चिनी वकिलातीने तो काढून टाकायला सांगितला, महोत्सवाने नकार दिला. चिनी दिग्दर्शकांनी आपले चित्रपट मागे घेतले, महोत्सवाच्या संकेतस्थळावर हल्ला झाला. परिणाम असा की ज्यांना उयगुर हा शब्द माहीत नव्हता तेही तिकीट काढून आले आणि प्रयोग मेलबर्नच्या टाउन हॉलमध्ये करावा लागला.

त्या दहशतवादी आहेत का?

नाहीत. ज्या उयगुर गटाचं नाव २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या यादीत आलं तो गट वेगळा. उयगुरांच्या नावाने हिंसा झालीच नाही असं नाही. २०१४ मध्ये कुनमिंग रेल्वे स्थानकावर सुऱ्यांनी ३१ जणांना मारलं गेलं, ते भयंकरच होतं. पण जागतिक उयगुर काँग्रेस ही म्युनिकमध्ये नोंदलेली, २००४ मध्ये स्थापन झालेली संघटना आहे. तिचं काम म्हणजे निवेदनं, साक्षी, निदर्शनं, जिनिव्हाच्या फेऱ्या.

मग त्यांना उयगुरांचे दलाई लामा म्हणावं का?

वर्तमानपत्रांना असे मथळे आवडतात. दलाई लामांनी त्यांच्या आत्मचरित्राला प्रस्तावनाही लिहिली आहे. पण त्या धर्मगुरू नाहीत, त्यांच्यामागे मठ नाहीत, परंपरेची गादी नाही आणि निर्वासितांना वसवून घेणारं धरमशालेसारखं गावही नाही. व्यापारी बाई आहेत त्या. बोलण्यात सौदा करणाऱ्याचा ठामपणा आहे आणि घाईही. संघटनेतल्या काहींना तो एककल्लीपणा वाटे. दलाई लामा तिबेट चीनमध्येच ठेवून त्याला खरी स्वायत्तता मागतात, तर उयगुर काँग्रेस स्वयंनिर्णयाचा हक्क मागते.

आज चर्चा होते ती छावण्यांची. त्यांच्याशी रेबियांचा संबंध काय?

थेट संबंध नाही, पण ज्याचा इशारा त्या देत होत्या ते २०१७ नंतर फार मोठ्या प्रमाणावर झालं. दहा लाखांच्या आसपास माणसं छावण्यांत डांबल्याचे अंदाज आहेत. चीनने आधी छावण्या नाहीतच असं सांगितलं, २०१८ मध्ये त्यांना व्यवसाय प्रशिक्षण केंद्रं म्हटलं आणि २०१९ च्या शेवटी सगळे ‘पदवीधर’ होऊन बाहेर पडल्याचं जाहीर केलं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ३१ ऑगस्ट २०२२ च्या अहवालात, तिथे मानवतेविरुद्धचे गुन्हे घडले असू शकतात असं नोंदवलं. रेबियांनंतर अध्यक्ष झालेल्या डोल्कुन इसा यांची आई २०१८ मध्ये छावणीतच वारली. ती बातमी मुलापर्यंत पोहोचायला काही आठवडे लागले.

देशात राहून, चीनच्याच राज्यघटनेचा आधार घेऊन बोलणारे अर्थशास्त्राचे प्राध्यापक इल्हाम तोहती यांना तर २०१४ मध्ये जन्मठेप झाली. बाहेर जाऊन आरडाओरडा केला म्हणून चीन चिडला, असं म्हणणाऱ्यांनी तोहतींचं काय ते सांगावं.

यात भारताचा काय संबंध?

जुना आहे. यारकंद आणि लेह यांच्यामध्ये काराकोरम ओलांडून व्यापाऱ्यांचे तांडे चालत. १९४९ च्या अखेरीस चिनी फौजा आल्यावर इसा युसुफ अल्पतेकिन हे उयगुर नेते याच बर्फातून लडाखला उतरले आणि श्रीनगरला राहिले. पुढे ते तुर्कस्तानला गेले. त्यांचेच चिरंजीव एर्किन अल्पतेकिन हे जागतिक काँग्रेसचे पहिले अध्यक्ष. १९५० च्या दशकात चीनने अक्साई चीनमधून जो रस्ता काढला, तो शिनजियांग आणि तिबेट जोडण्यासाठीच.

एप्रिल २०१६ मध्ये डोल्कुन इसा यांना धरमशालेच्या परिषदेसाठी भारताने व्हिसा दिला आणि चीनने आक्षेप घेताच रद्द केला. कारण दिलं इंटरपोलच्या नोटिशीचं. ती नोटीस इंटरपोलने २०१८ मध्ये काढून टाकली. ऑक्टोबर २०२२ मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत शिनजियांगवर नुसती चर्चा करावी का यावर मतदान झालं. बाजूने १७, विरुद्ध १९, आणि तटस्थ ११. तटस्थांत भारत होता. दुसऱ्या दिवशी आपल्या परराष्ट्र खात्याने तिथल्या लोकांच्या हक्कांचा आदर व्हावा असं म्हटलं. माझ्या मते ते मत आदल्या दिवशी पडायला हवं होतं.

त्या प्रत्येक फोटोत ती टोपी का घालतात?

तिला दोप्पा म्हणतात. चौकोनी, भरतकामाची, घडी घातली की सपाट होणारी. उयगुर पुरुष-बायका दोघंही घालतात. तिच्याखाली दोन लांब वेण्या, आता पिकलेल्या. उयगुरांच्या जुन्या रिवाजात मुली पुष्कळ वेण्या घालत आणि लग्नानंतर दोन. कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर, टोकियोत, प्रागला जॉर्ज बुश यांच्या भेटीत, सगळीकडे तोच वेश. एखाद्या फोटोत दोप्पा जरा कलती असते, आणि वेण्या मात्र अगदी घट्ट घातलेल्या.